आतड्याचा दाह आणि पूर्वसंचिताचा हिशेब

रोग जडला की तो कशाने झाला एवढे कळून माणसाचे भागत नाही. कोणाच्या चुकीने झाला, हेही त्याला हवे असते. आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कर्मविपाकाने फार पूर्वी देऊन ठेवले. अमुक पापाला तमुक व्याधी आणि तिच्यावर तमुक प्रायश्चित्त, अशी सविस्तर जंत्रीच धर्मशास्त्रात आहे. ती आज कुणी उघडत नाही, पण ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर अजून ऐकू येते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या दोन व्याधी. त्यांच्यावर झालेले संशोधन या विचाराला फार अडचणीचे आहे. त्याने कर्मविपाक खोटा ठरत नाही, निरुपयोगी ठरतो. आणि माझ्या मते ते अधिक वाईट.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी १९१३ मध्ये स्कॉटिश शल्यविशारद डॅलझील यांना अशा आतड्यांत आणि गुरांच्या एका जंतुजन्य रोगात साम्य दिसले होते. तो जंतू माणसातही दोषी आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही. गुन्हेगार सापडेना, तेव्हा काहींनी रोग्याकडेच बोट दाखवले. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस मनोदैहिक आजारांत बसवला, आणि रोग्याच्या स्वभावात, दडपलेल्या भावनांत कारणे शोधली जाऊ लागली. हाही कर्मविपाकच, गेल्या जन्माच्या जागी बालपण आले, एवढेच. १९५५ मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी याच रोगावरील कॉर्टिझोनची चाचणी प्रसिद्ध केली. कुणाचेही बालपण न उकरता रोगी सुधारले होते. औषध लागू पडले म्हणून कारण सिद्ध होत नाही हे खरे, पण दोष न ठरवताही उपचार होऊ शकतो हे दिसले.

गुन्हेगाराची ही ओढ भारतात रोजच्या उपचारातही दिसते. दुर्बिणीतून लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर व्रण दिसतात, तुकडा तपासला तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गाठी दिसतात, आणि हा आतड्याचा क्षय की क्रोन्स, हे अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कित्येकदा आधी क्षयाची औषधे देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. भरले, तर क्षयाचा जंतू हा आरोपी मिळाला. नाही भरले, तर एकटा आरोपी उरतच नाही. प्रतिकारशक्ती आतड्यातल्या नेहमीच्याच जिवाणूंवर उठलेली असते, आणि त्यामागे जनुके, आहार, परिसर असे कितीतरी धागे असतात. जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा ओळखणाऱ्या नॉड-२ या जनुकातील बदल क्रोन्सशी निगडित असल्याचे २००१ मध्ये कळले. पण युरोपीय रोग्यांत सापडलेले ते बदल भारतीयांत क्वचितच आढळतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स झाला, तरी दुसरा बऱ्याचदा धडधाकट राहतो. आणि सिगारेटचे पाहा. तिने क्रोन्स बळावतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र ती ओढणाऱ्यांत कमी आढळतो. एकाच व्यसनाने एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला अभय मिळत असेल, तर त्या व्यवस्थेला न्याय म्हणायचे कशाला?

कर्मवादी म्हणेल, कोणाच्या पदरी कोणती जनुके पडावीत हेच तर संचित ठरवते. हा युक्तिवाद खोडता येत नाही, आणि तोच त्याचा दोष आहे. काहीही घडले तरी तो बसतो, म्हणून समोरच्या रोग्याबद्दल तो काहीच सांगत नाही. अगदी लहान वयात तीव्र दाह होणाऱ्या काही मुलांत इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाचा संदेश स्वीकारणारी यंत्रणाच जनुकदोषाने बिघडलेली असते, हे २००९ मध्ये उघड झाले, आणि मूळपेशींचे रोपण करून अशा मुलाचा आजार आटोक्यात आणता आला. त्याचे संचित नेमके रोपणाच्या मुहूर्तावर संपले, असे मानायचे असेल तर मानावे. सगळे संचितानेच ठरते हा आग्रह इथल्या परंपरेतही सर्वमान्य नव्हता. संयुत्तनिकायातल्या मोळियसीवक सुत्तात बुद्ध वेदनेची कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण, आघात. कर्मफल आठवे येते, आणि सगळेच पूर्वकर्माने होते म्हणणाऱ्यांना ते चुकीचे ठरवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोष कुणाचाच नाही म्हटले, तर पथ्य कोण पाळेल? चरकाने प्रज्ञापराधाला, म्हणजे कळत असून वळत नाही अशा वागण्याला, रोगाचे मोठे कारण मानले, आणि त्यात तथ्य आहेच. पण मागचा दोष आणि पुढची जबाबदारी यांची गाठ आपण उगाच मारतो. शेजारच्या तारेने घर पेटले तरी पाणी आपणच मारतो. क्रोन्सच्या रोग्याने सिगारेट सोडावी, बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत, यासाठी रोग त्याने ओढवून घेतला हे सिद्ध व्हावे लागत नाही. उलट ‘बाहेरचे खातेस’, ‘फार टेन्शन घेतेस’ असे रोज ऐकणारी मुलगी संडासवाटे रक्त पडते हे घरात सांगायचेच टाळते, आणि आतडे आणखी बिघडते.

राहिला सांत्वनाचा मुद्दा. भोगाला काही अर्थ आहे या श्रद्धेने धीर येतो, हे मी नाकारत नाही. पण त्या धीरासोबत आरोपही पदरात पडतो. संशोधनात तो नसतो. २०२४ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी ईटीएस-२ या जनुकाला चालना देणारा एक आनुवंशिक बदल उलगडला. त्याने काही पांढऱ्या पेशी दाह भडकवतात. हा बदल लाखो वर्षे जुना आहे, निअँडरथल मानवातही सापडतो, आणि जंतूंशी लढताना उपयोगी पडल्यामुळे टिकला असावा. ‘मीच का’ याचे उत्तर त्यात नाही. मात्र त्या वाटेवर काम करणारी काही औषधे कर्करोगासाठी आधीच वापरात आहेत. ती इतर अवयवांना इजा न करता नेमक्या पेशींपर्यंत कशी पोहोचवायची हे आता शोधायचे आहे, आणि त्यासाठी कुणा रोग्याचे चारित्र्य तपासावे लागलेले नाही.