खिन्नता हें पाप आहे काय?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ज्वर आलेल्या मनुष्यास कोणी असें विचारीत नाहीं कीं, तुझा विश्वास कोठें गेला? कोणाचा हात मोडला तर पंच गाडी करून त्याला रुग्णालयांत पोंहचवितात आणि त्याच्या शेताचें काम शेजारी उरकतात. परंतु तोच मनुष्य अंथरुणावरून उठेनासा झाला, त्याला अन्न गोड लागेनासें झालें, पहांटेच्या कितीतरी आधीं झोंप मोडून तो अंधारांत नुसता पडून राहूं लागला, आणि "मी जगून तरी काय करूं?" असें म्हणूं लागला, तर आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो उपदेशाचा. प्रार्थना कमी पडत असेल, कांहीं पाप लपविलें असेल, उपकारांची जाणीव राहिली नसेल, असें आपण म्हणतों. हें म्हणणें खरें आहे काय, आणि तें म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे काय, ह्याचा विचार वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमच्या वाडवडिलांच्या घरीं असें झालें म्हणजे देवऋषी येई, लिंबू उतरवी आणि बाहेरची बाधा आहे असें सांगे. आम्ही तें सोडलें ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु बाधेच्या जागीं अविश्वास हा शब्द ठेवून आम्ही त्याच मनुष्यास पुन्हां एकटें पाडीत असलों, तर आम्ही सोडलें तें काय? देवऋषी निदान दोष भुताच्या माथीं मारीत असे; आम्ही तो रोग्याच्याच माथीं मारतों.

हें मी दुसऱ्यांविषयीं लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका मंडळीची सेवा माझ्याकडे असतां तेथें एक वृद्ध पंच होते. त्यांना सारे अण्णा म्हणत. उपासनेंत पेटी तेच वाजवीत व गीत तेच उचलून धरीत. त्या वर्षीं पीक बरें आलें होतें, धाकट्या मुलीचें लग्न होऊन गेलें होतें, घरांत कसलाहि कलह नव्हता. तरी दिवाळीच्या सुमारास ते बोलेनासे झाले. पेटी दुसऱ्या कोणी वाजवावी असें त्यांनीं सांगून पाठविलें. मी त्यांच्या घरीं गेलों तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, मला प्रार्थना करवत नाहीं. शब्दच येत नाहींत."

ह्यावर त्यांच्याजवळ बसून ऐकून घ्यावयाचें सोडून मीं त्यांना तीन दिवसांचा उपास सांगितला, कांहीं स्तोत्रें नेमून दिलीं, आणि येत्या रविवारीं कृतघ्न अंतःकरण ह्या विषयावर उपदेश केला. नांव घेतलें नाहीं. परंतु लहान मंडळींत नांव घ्यावें लागत नाहीं. अण्णा शेवटच्या रांगेंत मान खालीं घालून बसले होते. त्यानंतर नवव्या दिवशीं पहांटे त्यांनीं आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला. थोरली सून वेळेवर जागी झाली म्हणून ते वांचले. ह्याहून अधिक तपशील देण्याचें प्रयोजन नाहीं.

जिल्ह्याच्या रुग्णालयांतील डॉक्टरांनीं ह्या आजारास डिप्रेशन म्हणतात असें सांगून गोळ्या सुरू केल्या. तीन आठवडे फरक दिसेना. घरचे म्हणूं लागले कीं हा खर्च कशाला? परंतु डॉक्टरांनीं आधींच बजावलें होतें कीं, हीं औषधें लागू पडावयास कांहीं आठवडे लागतात, आणि बरें वाटलें म्हणून तीं मनास येईल तेव्हां सोडावयाचीं नसतात. पांचव्या आठवड्यांत एके सकाळीं अण्णांनीं मुलास विचारलें, "बैलांना पेंड घातलीस कां रे?" सून सांगत होती कीं, तें ऐकून ती चुलीपाशींच रडूं लागली.

पुढें बऱ्याच दिवसांनीं मीं त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमचा राग नाहीं. तुम्ही जें बोललांत, तें मी आधींच स्वतःला दिवसांतून शंभरदां बोलत होतों. तुम्ही बोललांत तेव्हां वाटलें, आतां देवानेंच साक्ष दिली."

ह्या वाक्यावर मीं पुष्कळ विचार केला आहे. पश्चात्ताप आणि हा आजार बाहेरून सारखे दिसतात. दोहोंतहि मान खालीं असते आणि डोळ्यांत पाणी असतें. परंतु पश्चात्तापी मनुष्यास आपलें कृत्य ठाऊक असतें. अमक्याचे पैसे बुडविले, तमक्यावर खोटा आळ घेतला, असें तो बोट दाखवून सांगूं शकतो. तें कबूल केलें, भरून दिलें, म्हणजे ओझें उतरतें. आजाऱ्याच्या अपराधास असा विषयच नसतो. कोणतें पाप म्हणून विचारलें तर तो गोंधळतो, किंवा लहानपणची एखादी क्षुल्लक गोष्ट उकरून काढतो, आणि क्षमेची वार्ता सांगितली तर ती इतरांसाठीं आहे, माझ्यासाठीं नाहीं, असें म्हणतो. अशास पश्चात्ताप कर म्हणणें म्हणजे बुडणाऱ्यास आणखी पाणी पाजणें होय.

हें अविश्वासी लोकांनाच होतें असेंहि नाहीं. इंग्लिश कवि विल्यम कूपर (१७३१–१८००) ह्यानें व जॉन न्यूटननें रचिलेल्या गीतांचा संग्रह १७७९ सालीं निघाला, आणि त्यांतील कित्येक गीतें आजहि देशोदेशीं गातात. तोच कूपर १७७३ सालच्या आजारानंतर, देवानें आपणांस कायमचें टाकून दिलें आहे असें धरून बसला, आणि ती समजूत मरेपर्यंत गेली नाहीं. न्यूटन त्याचा पाळक होता. त्यानें त्या आजारांत कूपरला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. न्यूटनचे उपदेश फारसे कोणाच्या स्मरणांत नसतील. हा पाहुणचार मात्र मला विसरतां येत नाहीं.

आणि एलीयाचें काय? कर्मेल डोंगरावरील अग्नीविषयीं आपण सारेच मोठ्या आवेशानें बोलतों. त्याच्या पुढच्याच अध्यायांत तोच संदेष्टा अरण्यांत एकटा जाऊन रतामाच्या झुडुपाखालीं बसतो व मरण मागतो, ह्याविषयीं मीं उपदेशकांच्या तोंडून क्वचितच ऐकलें आहे. तेथें देवदूत काय करितो तें पाहावें. तो त्याला झोंपूं देतो. मग हात लावून उठवितो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें उशाशीं असतें. एलीया खाऊन पुन्हां निजतो, आणि देवदूत दुसऱ्यानें येतो. झुडुपाखालीं त्याला दोषाचा एकहि शब्द ऐकावा लागत नाहीं. प्रश्न विचारले जातात ते पुढें, होरेब डोंगरावर, अंगांत चालण्याचें बळ आल्यावर. आणि तेथेंहि शेवटीं त्याला काम मिळतें व अलीशाच्या रूपानें सोबती मिळतो.

आतां कोणी म्हणेल, मनाच्या दुःखावर गोळी कशी चालावी? शरीर आणि मन ह्यांमध्यें आपण समजतों तेवढी जाड भिंत नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंदावली तर मनुष्य उदास होतो. बाळंतपणानंतर कित्येक मातांना हा आजार जडतो. मूल मांडीवर असून आनंद नाहीं म्हणून सासू टोंचीत राहते, आणि ती बिचारी स्वतःलाच राक्षसीण समजूं लागते. १९५२ सालीं न्यूयॉर्क येथें क्षयाच्या रोग्यांना एक नवें औषध देत असतां, जे कित्येक महिने खाटेवर निपचित पडून होते ते अनपेक्षितपणें उल्हसित होऊं लागले. ह्या आजारावर चालणारीं पहिलीं औषधें सांपडलीं त्यांत हें एक होतें. हिंवतापावर औषध घेतांना आपण प्रार्थना सोडीत नाहीं, तर येथेंच दोहोंत भांडण कां लावावें?

अशीहि शंका निघते कीं, सर्वच आजार ठरविलें तर आळशास निमित्त मिळेल. ही भीति अगदींच खोटी नाहीं. परंतु आळशी मनुष्य स्वतःस दोष देत नाहीं, त्याची झोंप मोडत नाहीं, त्याला जत्रा आणि जेवणावळ गोड लागते. जो पूर्वीं कामसू व हंसतमुख होता तो दोन आठवडे किंवा अधिक दिवस बहुतेक सारा वेळ उदास आहे, कशांतच त्याचें मन लागत नाहीं, त्याची झोंप व भूक बदलली आहे, तर त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें आहे. तसेंच पति वारलेल्या स्त्रीचें रडणें हा आजार नव्हे. तिच्याजवळ बसावें, एवढेंच. पुष्कळ महिने उलटूनहि ती जेवेना, बोलेना, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

खेड्यांत डॉक्टर कोठून आणावा, असें उपदेशक बंधु विचारतील. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत विश्राम नांवाचा एक उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले आहेत. गांवांतल्याच माणसांना शिकवून त्यांनीं ह्या आजाराविषयीं लोकांशीं बोलावें, धीर द्यावा, जरूर तर पुढें डॉक्टरांकडे पाठवावें, अशी योजना होती. आरंभीं ह्या आजाराच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ४ जण मदत घेत. १८ महिन्यांनंतर सुमारें २७ जण घेऊं लागले. गोव्यांतहि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मोठ्या पदव्या नसलेल्या माणसांनीं ६ ते ८ भेटींत रोग्यास त्यानें सोडून दिलेलीं लहान लहान कामें पुन्हां एकेक करून हातीं घ्यावयास लाविलें, आणि त्यानें बराच गुण आला. उपदेशकाचें काम ह्याहून फार निराळें नाहीं.

एक गोष्ट विचारण्यास आपण भितों. "मरून जावें असें मनांत येतें कां?" असें स्पष्ट विचारल्यानें तो विचार मनांत नव्यानें शिरत नाहीं, उलट कोणीतरी विचारलें म्हणून रोग्याचा जीव हलका होतो. उत्तर होय असेल तर त्याला एकटें सोडूं नये, घरांतील घातक वस्तू दूर कराव्या व त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. १४४१६ ह्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर, जो २०२२ सालीं सुरू झाला, कोणत्याहि वेळीं फुकट बोलतां येतें. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ घरें अशी गोष्ट लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताण होता असें गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण दिलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत जुन्या दंडविधानांतील तें कलमच राहिलें नाहीं.

अण्णांना कसलाहि संकोच वाटत नाहीं असें त्यांनीं सांगितल्यावर, ज्या ठिकाणाहून मीं तो उपदेश केला होता तेथेंच उभें राहून मीं तो मंडळीसमक्ष परत घेतला. एका पंचांस तें आवडलें नाहीं. पाळकानें अशी माघार घेतल्यानें अधिकार राहत नाहीं, असें ते मला बाहेर दाराशीं म्हणाले. पुढच्याच आठवड्यांत त्यांनीं आपल्या सुनेस दाखवावयाचें आहे, असें म्हणून माझ्याकडे त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला.