कायदा आणि सोयरीक

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांचा काही भाग किंवा ती सर्वच, कोणत्याही वैद्यकीय कारणाविना, कापून टाकण्याच्या प्रथेसाठी मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘सुंता’ पुरुषांपुरती वापरली जाते आणि ‘खतना’ हा शब्द वृत्तपत्रांनी अलीकडे उचलला. शब्दाचा पेच मराठीपुरता नाही. आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत आधी सुंतेचाच पर्याय वापरला जाई. पुढे आफ्रिकी कार्यकर्त्यांच्या आग्रहाने अंगविच्छेद सुचवणारी संज्ञा आली, आणि गावोगावी काम करणाऱ्यांना ती आईबापांवर थेट आरोप करणारी वाटल्याने त्यांच्यापैकी अनेकांनी नुसते ‘कापणे’ म्हणणे पसंत केले.

या प्रथेचे चार प्रकार मानले जातात. त्यांतल्या तिसऱ्या, सर्वांत भीषण प्रकारात योनिमुख जवळजवळ बंद करून लघवी आणि पाळीचे रक्त जाण्यापुरते छिद्र ठेवले जाते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार ज्यांना यातून जावे लागले अशा मुली आणि स्त्रिया २३ कोटींहून अधिक आहेत. कुराणात प्रथेचा उल्लेख नाही, आणि इथिओपियातील ख्रिस्ती समाजांतही ती आढळते. तेव्हा तिचे मूळ एकाच धर्मात शोधणे व्यर्थ आहे. अनेक समाजांत आई मुलीला या वेदनेपुढे उभी करते ती क्रौर्यामुळे नव्हे, तर न कापलेल्या मुलीला स्थळ मिळणार नाही या धास्तीने.

ही धास्ती ध्यानात घेतली नाही, तर सुधारणेचे प्रयत्न का फसले हे कळत नाही. केनियात १९२९ च्या सुमारास स्कॉटिश मिशनने चर्चच्या सभासदांकडून प्रथा सोडल्याची कबुली मागितली, तेव्हा किकुयू लोक मोठ्या संख्येने चर्चबाहेर पडले, त्यांनी स्वतंत्र शाळा काढल्या, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांनी १९३८ मध्ये आपल्या ग्रंथातून प्रथेचे समर्थन केले. १९५६ मध्ये मेरू भागात वसाहती सरकारने पंचमंडळाकडून बंदी घालून घेतली, तर तिथल्या मुलींनी दुकानातून दाढीची पाती विकत आणून एकमेकींवर ती क्रिया उरकली. परक्या सत्तेने निषिद्ध ठरवलेली गोष्ट अस्मितेची खूण होऊन बसली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला या प्रथेचा अभ्यास करण्याची विनंती केली, तेव्हा विषय सांस्कृतिक असून आपल्या कक्षेबाहेरचा आहे, असे सांगून संघटनेने हात झटकले, आणि संघटनेनेच या प्रथेवर खार्टुम येथे भरवलेल्या परिसंवादापर्यंत म्हणजे १९७९ पर्यंत वीस वर्षे गेली. या भिडस्तपणामागे वसाहतवादाची आठवण असेलही; पण त्याची किंमत मुलींनी मोजली.

वेगळी वाट सेनेगलमध्ये सापडली. ‘तोस्तान’ या संस्थेच्या साक्षरता वर्गांत शरीरशास्त्र, जंतुसंसर्ग आणि मानवी हक्क शिकलेल्या मालिकुंडा बांबारा गावच्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी प्रथा सोडल्याचे जाहीर केले. यावर शेजारच्या केर सिंबारा गावचे इमाम डेंबा जावारा यांनी काढलेला मुद्दा असा, की एका गावाने ठरवून भागत नाही, कारण मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या इतर गावांशी. तेव्हा सोयरिकीची सगळी गावे एकत्र बसली पाहिजेत. जावारा पायी गावोगाव फिरले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये जाबुगू येथे तेरा गावांनी मिळून घोषणा केली. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये चीनमधील पाय बांधण्याच्या रूढीवरून नेमके हेच अनुमान काढले होते: तिथे मुलीचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून आणणार नाही, अशी दुहेरी शपथ कुटुंबे एकत्र घेत. विद्वानाचे अनुमान आणि इमामाचा व्यवहार एकाच ठिकाणी पोहोचावेत, हा योग दुर्मीळच.

आफ्रिकेतील स्त्रियांच्या हक्कांविषयीचा २००३ चा मापुटो करार, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा डिसेंबर २०१२ मधील ठराव आणि २०३० पर्यंत प्रथा संपवण्याचे उद्दिष्ट हे सारे आवश्यक असले, तरी कागद गावात आपोआप उतरत नाही. गांबियात २०१५ मध्ये बंदी आली, पण पहिली शिक्षा झाली ती २०२३ मध्ये, आणि लगेच बंदी उठवण्याचे विधेयक मांडले गेले. ते १५ जुलै २०२४ रोजी फेटाळले गेले, ते प्रामुख्याने प्रथा स्वतः भोगलेल्या स्त्रियांनी उठवलेल्या आवाजामुळे. इजिप्तमध्ये गोष्ट आणखी तिरपागडी झाली आहे: आरोग्याच्या धोक्यावर भर दिल्यावर पालकांनी प्रथा सोडण्याऐवजी सुईण सोडली आणि डॉक्टर गाठला. म्हणून मुलीच्या अंगावर केलेली जखम निर्जंतुक आहे की नाही, यापेक्षा ती करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

हा प्रश्न मुंबईपासून दूर नाही. दाऊदी बोहरा समाजाचे केंद्र असलेल्या या शहरात सात वर्षांच्या आसपासच्या मुलींवर होणाऱ्या खतन्याविषयी समाजातल्याच स्त्रिया २०१५ पासून ‘सहियो’सारख्या संस्थांतून बोलू लागल्या, तर दुसऱ्या काही स्त्रिया तो धर्मपालनाचा हक्क असल्याचे सांगत राहिल्या. प्रथेविरुद्धची याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवली गेली. त्याआधी सरकारने न्यायालयाला सांगितले होते, की अशा प्रथेची अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. युनिसेफचे २३ कोटी ज्या ३१ देशांतून मोजले गेले, त्यांत भारत नाही.