प्रीतीचा आग्रह कोठवर असावा?

ज्याच्यावर आपली प्रीति आहे त्याचें शरीर त्याच्याच संवयींनीं झिजत असतांना आपण काय करावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. समजा, मुखेड तालुक्यांतील एका खेड्यांत पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. पूर्वी ते शेताला पायीं जात. आतां मुलाच्या मोटारसायकलीवर बसून जातात. मोट गेली, विजेचा पंप आला. दिवसांतून चार वेळां गोड चहा, खिशांत तंबाखूची पुडी, सायंकाळीं पारावर बैठक. रक्तांत साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. मुलगा रोज म्हणतो, "अण्णा, जरा चालत जा, तंबाखू सोडा." बाप रोज उत्तर देतो, "माझा जीव माझा आहे." ह्या दोघांत खरें कोणाचें?

बापाचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु उद्यां त्याच्या पायाची जखम भरेनाशी झाली, तर त्याला घेऊन नांदेडास किंवा लातुरास धांवणारा मुलगाच. औषधासाठीं काढलेलें कर्ज फेडणाराही तोच. आणि उशाशीं रात्र काढणारी त्याची पत्नीच. देह एकट्याचा असला तरी दुखणें एकट्याचें नसतें. म्हणून बोलण्याचा अधिकार मुलास निश्चित आहे.

परंतु बोलण्याचा अधिकार म्हणजे हुकूम करण्याचा अधिकार नव्हे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. तरी पुडी खिशांतून गेली नाहीं, हें आपण सर्व पाहतों. हुकुमानें सोडविलेली तंबाखू चोरून खाल्ली जाते, आणि मग एका दोषाचे दोन होतात.

मग मन कशानें वळतें? औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. ते राजे होते, आज्ञा करणें त्यांस सोपें होतें. परंतु त्या आज्ञेला वजन आलें तें स्वतः ते नित्य नमस्कार घालीत म्हणून. आणि ह्याच राजानें १९३९ सालीं आपला राज्याधिकार प्रजेच्या हातीं देणारी घटना दिली. लोकांस शिस्त लावूं पाहणारा मनुष्य लोकांवर विश्वासही ठेवूं शकतो, हें त्यांनीं दाखविलें.

आपल्या जवळचें उदाहरण लातूरचें. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनीं नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (मृत्यु २००४) ह्यांच्या विचारांवरून दोन वेळचें जेवण व रोज पाऊण तास चालणें ह्यांचा प्रसार केला. ह्या आहाराविषयीं सर्व वैद्यांचें एकमत नाहीं. आणि मधुमेहाचें औषध चालू असणारानें डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाच्या वेळा मुळींच बदलूं नयेत. परंतु त्यांनीं हा नियम प्रथम स्वतः पाळून मग लोकांस सांगितला, ही गोष्ट उपदेश करणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत धरावी.

येथें कोणी म्हणेल, "दिवसभर राबणाऱ्यांस व्यायाम कशाला सांगतां?" ही शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रम करण्यास सांगते, म्हणजे रोज सुमारें बावीस मिनिटें. आणि कामांतील श्रमही ती त्यांत धरते. तेव्हां जी माउली डोक्यावर घागर वाहते, खुरपते, आणि घरीं येऊन भाकरी थापते, तिला व्यायामाचा उपदेश करणें ही थट्टा होय. तिला हवी विसांवा आणि पोटभर अन्न. तिचें आरोग्य इच्छिणाऱ्या पुरुषानें घागर आपल्या खांद्यावर घ्यावी. त्यांतच त्याचाही व्यायाम होईल.

हेंच तत्त्व त्या मुलास लागू आहे. त्यानें उद्यां सकाळीं गाडी घरीं ठेवावी आणि "अण्णा, चला, मीही येतों," असें म्हणून बापाबरोबर शेतापर्यंत चालावें. एकट्या बापाच्या चहांतील साखर काढूं नये. सर्व घराचीच कमी करावी. आणि स्वतःच्या खिशांत पुडी असेल, तर ती आधीं टाकावी. ज्या उपदेशांत उपदेशकाचा कांहींच वांटा नाहीं, तो उपदेश नव्हे, नुसता हुकूम होय.

इतकें करूनही बापानें ऐकलें नाहीं तर? तर मुलानें चालणें सोडूं नये, आणि बोलणें कडू करूं नये. एखादे दिवशीं दुखणें आलेंच, तर "मी सांगितलें होतें" हें वाक्य ओठांवर येऊं देऊं नये. सल्ला मानणाऱ्याची शुश्रूषा कोणीही करील. न मानणाऱ्याची करतांना खऱ्या प्रीतीची परीक्षा होते.