शौचावाटे पडणारे रक्त

शौचाच्या वेळी थोडेसे लालभडक रक्त पडते तेव्हा ते बहुधा गुदमार्गाच्या शेवटच्या तीन-चार सेंटीमीटरांतून आलेले असते आणि त्याचे कारण मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराची चीर) असते. ही गोष्ट दिलासा देणारी आहे, पण तिच्यामुळेच मोठे नुकसानही होते. 'मूळव्याधच असणार' असे घरातल्या घरात ठरते, संकोचापोटी कोणाला दाखवले जात नाही आणि क्वचित दडलेला गंभीर आजार वर्षभर वाढत राहतो.

रक्ताचा रंग पहिली खूण देतो. शौच झाल्यावर थेंब थेंब ठिबकणारे किंवा मळाला वरून लागलेले लाल रक्त खालच्या टोकाकडचे असते. मळात मिसळलेले, काळपट लाल किंवा शेंबडासोबत येणारे रक्त त्याहून वरच्या भागातून, मोठ्या आतड्यातून येते. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे असेल, तर रक्तस्राव जठरात किंवा त्याच्या आसपास असण्याची शक्यता मोठी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते आणि बीट खाल्ल्यावर ते तांबडे दिसते, एवढे ध्यानात ठेवावे. मात्र रंगावरून होतो तो फक्त अंदाज. वरचा स्राव जोराचा असेल तर तोही लालच दिसतो.

मूळव्याध म्हणजे बाहेरून उगवलेले काहीतरी, ही समजूत चुकीची आहे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येकालाच जन्मतः असतात आणि दार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. ब्रिटिश शल्यविशारद डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन यांनी १९७५ साली ही मांडणी केली. कुंथण्याने, जुन्या बद्धकोष्ठाने, गरोदरपणातल्या दाबाने या गाद्यांचा आधार सैल होतो, त्या खाली घसरतात, फुगतात आणि त्यांचे पातळ आवरण मळाने खरचटले की रक्त येते. पहिल्या टप्प्यात फक्त रक्त पडते. दुसऱ्यात कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातात. तिसऱ्यात ते बोटाने आत ढकलावे लागतात. चौथ्यात बाहेरच राहतात. गुदद्वारापासून सुमारे दोन सेंटीमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला वेदना जवळजवळ कळत नाहीत, म्हणून आतल्या मूळव्याधीचे रक्त बहुधा न दुखता पडते. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते आणि रोजच्या थोड्या थोड्या रक्तानेही काही महिन्यांत हिमोग्लोबिन खाली येऊ शकते. दम लागतो, थकवा येतो, पण त्याचा संबंध शौचाशी जोडलाच जात नाही.

फिशरचे उलट असते. कडक मळाने गुदद्वाराची कातडी उभी चिरते, बहुतेकदा मागच्या बाजूला मधोमध. शौचाच्या वेळी तीव्र कळ येते आणि पुढे तास-दोन तास ठणका राहतो. रक्त मात्र दोन-चार थेंबच. दुखण्याच्या भीतीने माणूस शौच रोखतो, मळ आणखी कडक होतो, चीर पुन्हा उघडते. त्यातच आतला स्नायू आवळला जातो, चिरेला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती भरून येत नाही. सहा-आठ आठवडे उलटले की चिरेच्या टोकाशी कातडीचा छोटा मोड तयार होतो. रुग्ण त्यालाच मूळव्याध समजतो आणि दुकानातून मूळव्याधीचे मलम आणून लावत बसतो.

बाकीची कारणे कमी आढळतात. लहान मुलांत न दुखता रक्त पडले तर बहुधा फिशर नव्हे, आतला पॉलिप (आतड्याच्या आतली मांसल वाढ) असतो. भगंदर, आमांश, अल्सरेटिव्ह कोलायटिस ही इतर कारणे. आणि मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग. आपल्याकडे तो पन्नाशीच्या आतही दिसतो, त्यामुळे 'वय लहान आहे' या भरवशावर राहू नये. शौचाच्या सवयीत बदल, पोट साफ न झाल्याची सतत भावना, वजन घटणे, रक्तक्षय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टाळू नये. तीत पॉलिप सापडला तर तो तिथेच काढता येतो आणि पुढचा कर्करोग टळतो. आधीची मूळव्याध माहीत असली तरी ही गरज संपत नाही; मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात असू शकतात.

पहिली तपासणी अगदी साधी असते. डॉक्टर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात, गुदद्वार नीट पाहतात, हातमोजा घातलेल्या बोटाने आतून चाचपतात आणि लागल्यास प्रॉक्टोस्कोपची छोटी नळी घालतात. सगळे मिळून काही मिनिटांचे काम. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात, हे लक्षात घेता ही तपासणी न करता नुसती औषधाची चिठ्ठी देणे गैर आहे. फिशर फार दुखत असेल तर बोटाची तपासणी दुखणे ओसरेपर्यंत थांबवतात, पण ती सोडून देत नाहीत.

उपचाराचा पाया मळ मऊ ठेवणे हाच. रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा: पालेभाज्या, सालीसकट डाळी, ज्वारी-नाचणीची भाकरी, पेरू. चरकसंहितेत अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, प्रकरणात ताकाची थोरवी सांगितली आहे आणि जेवणासोबत ताक घेण्यात आजही चूक काही नाही. इसबगोल एक-दोन चमचे, पण भरपूर पाण्यासोबत. पाणी कमी पडले तर तेच अडकून बसते. शौचाला जोर करू नये, मोबाईल घेऊन अर्धा-अर्धा तास बसू नये. टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसल्याने आवळलेला स्नायू सैल होतो. स्टिरॉइड असलेली मलमे आठवडाभरापलीकडे लावू नयेत. फिशरसाठी स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम डॉक्टर देतात आणि बऱ्याच चिरा त्याने भरून येतात. न भरल्यास स्नायूवर छोटी शस्त्रक्रिया असते.

मूळव्याधीचे रक्त थांबेना, तर कोंबाच्या मुळाशी रबराचे कडे चढवतात. ते दातेरी रेषेच्या वर बसवल्याने फारसे दुखत नाही. रक्तपुरवठा तुटलेला कोंब काही दिवसांत गळून पडतो आणि त्या वेळी थोडे रक्त दिसू शकते. मोठ्या कोंबांना शस्त्रक्रिया लागते. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, तेही आजाराची पायरी पाहून. हा विवेक भिंतींवरच्या 'एका इंजेक्शनात मुळापासून' अशा जाहिरातींत नसतो. अप्रशिक्षित हातांनी टोचलेल्या दाहक द्रवाने गुदमार्ग आक्रसून कायमचा अरुंद झालेले रुग्ण शल्यविशारदांकडे येतात.

रक्ताच्या गाठी पडत असतील, स्राव थांबत नसेल, उभे राहताच चक्कर येत असेल किंवा शौच काळे चिकट होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ती औषधे परस्पर बंद करू नयेत. हृदयाच्या किंवा मेंदूच्या आजारासाठी ती सुरू असतात आणि अचानक थांबवल्यास धोका रक्तस्रावाहून मोठा असू शकतो. ती देणाऱ्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलून त्यांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा ठरवावी.