सही कुणाची?

सोमवारी पहिल्या पाळीला कार्डिंगमध्ये शिरलो की दोन-तीन तासांत छाती आवळते. मंगळवारी कमी, बुधवारी विसरायला होतं. पुन्हा सुट्टी, पुन्हा सोमवार. वर्षभर वाटलं, सुट्टीत आळसावलेल्या अंगाची नाटकं. मग मोबाइलवर नाव सापडलं: बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग. सुट्टीनंतरचा पहिला दिवस हीच त्याची खूण. पुढं पुढं आठवड्याचे सगळेच दिवस सोमवार होतात.

गेलो डॉक्टरकडं. डॉक्टर आपल्याच वस्तीतला. त्याची फी भरायला एका साली जयंतीची वर्गणी वळवली होती. त्यानं तपासलं, कागदावर लिहिलं : दमा. म्हटलं, डॉक्टर, कापसाची धूळ लिहा ना. तो म्हणाला, "मोबाइल वाचून मला शिकवतोस?" मग आवाज खाली आणून, "गिरणीचे पेशंट माझ्याकडं येतात रे. समजून घे."

दोस्तहो, पहिल्या वाक्याचा मला राग नाही. मोबाइल छातीला कान लावत नाही, माझं निदान चुकलेलंही असेल. पण मग पाळीच्या आधी आणि नंतर फुंकायची चाचणी तरी लिहायची. तीही नाही.

पूर्वी वैद्य, वकील, पंतोजी यांची ताकद एवढीच की त्यांना माहीत होतं, आपल्याला नव्हतं. पोथी झाकली की झालं. आता पोथी खिशात आली. मग शिकलेल्याकडं उरलं काय? तपासणारा हात, आणि सही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ८९ मध्ये, असा रोगी दिसला तर डॉक्टरनं कारखाने निरीक्षकाला लेखी कळवायचं होतं. २०२० च्या नव्या संहितेतही ते बंधन आहे. म्हणजे मला ठाऊक असलेलं कायद्याच्या कानावर जायचं तर मधे त्याची सही. तोवर माझं ज्ञान मुकं.

हे मुकेपण जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. मजुरी तिथं जास्त. पण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपला ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. हात होता, डोकं होतं, मान्यता नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांपुढं मांडलं. बॅरिस्टर माणूस. फी देणारे अशील सांभाळत बसले असते तर कोण दोष देणार होतं?

तरी डॉक्टरला शिव्या घालून मी मोकळा होत नाही. दवाखाना भाड्याचा, डोक्यावर कर्ज, पाटीवरचं आडनाव वाचून परत फिरणारे पेशंट. गिरणी तुटली तर तो बसला. वर्गणीच्या बदल्यात एका माणसाची भाकरी मागायची का? रात्रपाळीला विचार करतो, उत्तर दर वेळी वेगळं येतं. पण माझं फुप्फुसही कुणाच्या तरी भाकरीत चाललंय.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. कार्डिंगमधले चौघं सोबत आहेत, चौघांचा सोमवार माझ्यासारखाच. आई म्हणते, आपला पोरगा आहे, चारचौघांत बोलू नको त्याला. म्हणून आधी मी एकटा आत जाईन. चौघं बाहेर बाकावर बसतील.