नीयत आणि नजर

८ मे २०२० चा शुक्रवार करमाडचा माणूस विसरणे शक्य नाही. रमजान चालू होता आणि लॉकडाऊनही. सहरी करून, घरातच फजर पढून लोक पुन्हा आडवे झाले होते. सव्वापाचच्या सुमारास करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जीव गेले. जालन्याहून पायी निघालेले हे लोक मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून तिथेच झोपले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले.

आम्हांला मात्र राहून राहून त्या गाडीच्या चालकाचा विचार येतो. रुळावर माणसे दिसताच त्याने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, असे रेल्वेने सांगितले होते. मालगाडी म्हणजे सायकल नव्हे, तिला थांबायला शेकडो मीटर लागतात. म्हणजे ज्याची नजर समोर होती त्याला थांबता आले नाही. मग ज्याला सहज थांबता येते आणि ज्याची नजरच समोर नसते, त्याला काय म्हणायचे?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारत नाही. शहरातून करमाडच्या शाळेत आम्ही रोज मोटारसायकलने येतो. जालना रोड म्हणजे शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बस, सळया भरलेले ट्रेलर, काळी-पिवळी आणि मधूनच आडवी येणारी शेळी. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खिशातला फोन वाजला. पोषण आहाराची माहिती ‘तात्काळ’ पाठवायची होती. या तात्काळने आम्हा शिक्षकांचे अर्धे आयुष्य खाल्ले आहे, पण ते असो. गाडी चालूच ठेवून आम्ही फोन काढला आणि कोणाचा आहे ते पाहिले. मान वर केली तेव्हा पाठीवर दप्तर असलेला एक मुलगा हाताच्या अंतरावरून बाजूला उडी मारत होता. आमच्याच सातवीतला. आम्ही त्याला वाचवले नाही, तो स्वतःच वाचला.

मधल्या सुट्टीत तो जवळ आला आणि म्हणाला, “सर, आप मेरेकू देखेच नै ना?”

आम्ही म्हणालो, “देखा था रे.”

नंतर फळ्यावर हिशेब केला. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे चौदा मीटर जाते. आमचा वर्ग सात मीटर लांब आहे. तीन सेकंद फोन पाहिला म्हणजे एकामागे एक असे सहा वर्ग आम्ही डोळे मिटून पार केले. वर्गात मुले बसलेली असताना असे कोणी करील काय?

आपल्याकडे अशा वेळी दोन वाक्ये तयार असतात. एक, “नीयत तर साफ होती.” दुसरे, “अल्लाहची मर्जी.” अमलांचा दारोमदार नीयतीवर आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरेच आहे. पण त्याच शरीअतीत कत्ले-खता नावाचा वेगळा बाब आहे. मारण्याचा इरादा नसताना हातून माणूस मेला तरी वारसांना दियत द्यावी लागते, शिवाय कफ्फारा आहे. गुलाम आझाद करणे, ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. सूरह निसामध्ये हा हुकूम आहे. नीयत साफ असूनही दोन महिने उपाशी का राहायचे, असे तरुणपणी आम्हांला वाटत असे. त्या सकाळनंतर वाटत नाही. कायदाही याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथेही इरादा असावा लागत नाही.

आणि मर्जीचे म्हणाल, तर उंट आधी बांधून मग तवक्कुल करण्याची हदीस आपली मुलेही सांगतात. आमची चूक मान खाली गेली त्या क्षणी झालीच नव्हती. फोन चालू ठेवून वरच्या खिशात टाकला, तेव्हा आम्ही घरच्या ओट्यावर उभे होतो. घाई नव्हती, रस्ता नव्हता. तिथे आम्हांला निवड होती.

हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणारे सांगतात, आमचे हात मोकळे आहेत, डोळे समोर आहेत. हात मोकळे असतील, मन कुठे असते? घरच्या भांडणात गुंतलेला माणूस समोरचा ट्रक पाहतो, पण तो थांबला आहे हे त्याच्या ध्यानात उशिरा येते. नमाजीत असे होते तेव्हा आपण त्याला खुशूअ नाही म्हणतो. मशिदीच्या दारावर ‘मोबाईल बंद करा’ अशी पाटी असते आणि दहा मिनिटांसाठी सगळे मुकाट्याने बंद करतात, कारण शेजारच्याची नमाज बिघडेल. रस्त्यावर शेजारच्याचे काय बिघडेल, याची पाटी लावावी लागू नये.

फोन करणारा यातून सुटतो असे आम्हांला वाटत नाही. नवरा गाडीवर आहे हे ठाऊक असून तीनदा फोन लावणारी बायको, मुलाला “कुठवर आलास?” विचारणारी अम्मी, उत्तर येईपर्यंत दम न धरणारा साहेब, यांचाही त्या तीन सेकंदांत वाटा आहे. आमच्या घरी आता ठरले आहे. पहिला प्रश्न “गाडीवर आहात का?” हा, आणि उत्तर हो असेल तर सलामही न करता फोन ठेवायचा. आम्ही स्वतः फोन बंद करून डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली ठेवतो. फारच गरज पडली तर डांबर सोडून, गाडी स्टँडवर लावून पाहतो. चार माहित्या उशिरा गेल्या, दोन नोटिसा आल्या.

त्या मुलाशी बोललेले खोटे मात्र आठवडाभर सलत होते. वर्गात खरे बोलण्यावर धडा होता, तो आम्ही दोनदा पुढे ढकलला. शेवटी एक दिवस त्याला व्हरांड्यात बोलावले आणि सांगितले, “बेटा, उस दिन मैंने तुझे नहीं देखा था. फोन देख रहा था.”

तो दप्तराचा पट्टा सारखा करत म्हणाला, “मालूम था सर.”