रस्ता कोणाचा, भाडे कोणाचे

सार्वजनिक वाहतुकीचा खर्च प्रवाशाने उचलावा की समाजाने, या जुन्या प्रश्नाला बंगळुरात 11 जून 2023 पासून धार आली. त्या दिवशी कर्नाटक सरकारची 'शक्ती' योजना सुरू झाली आणि राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर तिकीट मात्र देतोच. त्यावर रक्कम शून्य असते आणि अशा तिकिटांच्या हिशेबावर सरकार परिवहन महामंडळांची भरपाई करते. मेट्रोची चाल उलटी: फेब्रुवारी 2025 मध्ये तिचे कमाल भाडे 60 वरून 90 रुपये झाले.

ही फुकट्यांची सोय आहे, हा 'शक्ती'वरचा ठरलेला आक्षेप. तो तपासायला बाराव्या शतकातील शरणांचा, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांचा, विचार उपयोगी पडतो. बसवेश्वरांच्या परंपरेत कायक म्हणजे श्रमाची कमाई आणि दासोह म्हणजे त्या कमाईतला वाटा समाजाच्या पदरात घालणे. दासोहात देणाऱ्याच्या अहंकाराला जागा नाही, त्यामुळे घेणारा मिंधा होत नाही. करातून चालणारी बस या अर्थाने भीक ठरत नाही. ('शक्ती'सारख्या निवडणुकीतल्या आश्वासनाला दासोह म्हणणे जरा उदारपणाचेच.)

शरणांच्या कल्याण नगरीतल्या आयदक्की मारय्याचे कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची बायको लक्कम्मा हिने ते परत टाकून यायला लावले. गरजेपेक्षा जास्त उचलायचे नाही, मग ते सांडलेले का असेना, हा तिचा नियम. हे माप रस्त्याला लावले की फुकट्या कोण, याचे उत्तर फिरते. एकट्याला घेऊन निघालेली मोटार बसमधल्या प्रवाशाच्या कितीतरी पट जागा अडवते आणि तिचा रोड टॅक्स खरेदीच्या वेळी एकदाच, आयुष्यभरासाठी भरलेला असतो. इंधनावरचा कर आहे, पण तो लिटरमागे. ऐन गर्दीत बंगळुरातल्या सिल्क बोर्डच्या चौकात अडवलेली जागा त्यात मोजली जात नाही. ज्याचे कायकच वाहनावर चालते, त्या भाजीच्या टेम्पोला मात्र हा दोष लागत नाही.

लंडनने 2003 मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले आणि ते उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन होते. लक्कम्माच्या कसोटीला तेही पुरते उतरत नाही, कारण ऐपतदाराला जास्तीचे विकत घेता येते. 2019 मध्ये बंगळुरात आउटर रिंग रोडवर सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम बससाठी लेन राखून ठेवण्यात आली, तिचा न्याय अधिक कडक होता. तिथे पैसे मोजून मोटार घालता येत नव्हती. जागाच परत करावी लागत होती. पुढे मेट्रोच्या कामात ती लेन मोडली.